सर, रैनपाडा मी विसरलेले नाही

सर, नमस्कार.

एन्क्रिप्शनबद्दल मी जे लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. त्यातला राग मला समजतो. धुळे जिल्ह्यात आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला रैनपाडा ही नुसती पेपरातली बातमी नसणार. तुमचे तीन मुद्दे आहेत. एन्क्रिप्शनची, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून संदेश कुणालाच वाचता येऊ नये अशा कुलपाची, बाजू घेणाऱ्यांना रैनपाड्यात अफवेपायी गेलेल्या पाच जिवांची किंमत नाही. सरकारला संदेशाचा मजकूर वाचायचा नाही, तो मुळात पाठवणारा कोण एवढंच हवंय. आणि ज्याच्या मनात काही नाही त्याने घाबरायचं कशाला? दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखं हे नाही.

आधी रैनपाडा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत साक्री तालुक्यात आली होती. पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, जीव जाईपर्यंत. हे सगळं दिवसाढवळ्या, बाजाराला आलेल्या लोकांसमोर. मारणारे कोण होते हे कुठल्या कुलपाआड दडलेलं नव्हतं.

आता त्या अफवेचं मूळ बघू. त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती: मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. ती कराचीत बनली होती. मुलांना जपा असं सांगणाऱ्या एका संस्थेची ती जनजागृतीची चित्रफीत. तिच्या शेवटी पोराला परत आणून सोडतात. तेवढा भाग कुणीतरी कापला आणि उरलेली क्लिप आपल्याकडे ‘सावध राहा’ म्हणून गावोगाव गेली. सर, इथे ‘पहिला’ कोण? ज्यांनी ती बनवली ते भल्यासाठी झटणारे लोक होते.

केंद्र सरकारच्या २०२१च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत यावर तोडगा आहे, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने, आदेश आला की संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून द्यायचा. तो परदेशात असेल, तर भारतात ज्याने तो संदेश पहिल्यांदा पुढे पाठवला त्यालाच पहिला मानायचं. म्हणजे न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ सांगलीतल्या मावशीने काळजीपोटी भिशीच्या ग्रुपवर टाकला, तर कागदोपत्री मूळ मावशी. तिने तो बनवलेला नाही, कापलेला नाही. तिला तो खोटा आहे हेही माहीत नाही.

‘मजकूर कुणी वाचणार नाही’ हे तुमचं म्हणणं नियमाला धरून आहे. आदेश देताना मजकूर उघड करायला सांगता येणार नाही असं त्यात लिहिलं आहे. पण उद्या कुठल्या संदेशाबद्दल विचारणा होईल हे आज कुणालाच माहीत नसतं. मग आज प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशाची खूण नोंदवून ठेवावी लागणार. सरकारने सुचवलेला उपाय होता हॅशचा, म्हणजे प्रत्येक संदेशाला बोटाच्या ठशासारखा एक आकडा. मी बँकेच्या संगणक विभागात काम करते, हॅशशी माझा रोजचा संबंध आहे. एक पूर्णविराम वाढवला की ठसा पार बदलतो. ज्याला कायद्याला चकवायचं आहे तो एवढं करेलच. सापडेल ती मावशी.

माझ्या आईचा लॉकर आहे. दिवाळीआधी तिच्याबरोबर गेले होते. रजिस्टरवर सही झाली, बँकेच्या बाईंनी त्यांची किल्ली फिरवली, मग आईने रुमालाच्या गाठीतून स्वतःची काढली, आणि बाई बाहेर गेल्या. आई दर वेळी विचारते, ‘माझी किल्ली हरवली तर तुमच्याकडे दुसरी असते ना?’ उत्तर ठरलेलं: ‘नाही हो काकू. फोडावा लागतो, तुमच्यासमोर, साक्षीदार ठेवून.’ अधिकृत आदेश असेल तर सरकारही लॉकर फोडू शकतं. त्याला माझी हरकत नाही. एका संशयिताचा फोन पंचनामा करून जप्त करा, तपासा. कुणी कुणाशी केव्हा संपर्क केला याच्या नोंदी कायदेशीर मार्गाने मागवा. पण आत काय ठेवलं त्याची खूण प्रत्येक खातेदाराने दर वेळी बाईंकडे नोंदवून जावं, असं उद्या बँकेने म्हटलं तर आई लॉकरच बंद करेल. आणि तिच्या मनात काहीही नाही, सर. आत आजीच्या पाटल्या आहेत.

अशी सोय चांगल्या हातांत राहील का? ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेत, कायदेशीर आदेशावरून फोन ऐकण्यासाठीची सोय होती. २००४-०५मध्ये कुणीतरी तीच गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यात खुद्द पंतप्रधानांचा फोन होता.

आणि आपल्याकडे? पालघर, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक, आयटी कायद्याचं कलम ६६अ लावून. पुढे २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, इतकं की २०२१मध्ये न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं. लाइक करणारीला पकडणाऱ्या व्यवस्थेच्या हाती मी ‘पहिला पाठवणारा’ची यादी द्यायला तयार नाही. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण त्या नियमातही आहेच.

एक गोष्ट मात्र मान्य करते. एन्क्रिप्शनमुळे काही गुन्हेगार हाती लागणार नाहीत. लहान मुलांच्या शोषणाच्या चित्रफिती फिरवणारे त्यात असतील, आणि ते लिहिताना मलाही त्रास होतो. पण या मार्गाने तेही सापडणार नाहीत, ते दुसऱ्या ॲपवर जातील. उघडे पडतील ते पत्रकाराला माहिती देणारे, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला लिहिणारी बाई, वकिलाशी बोलणारा आरोपी.

उपाय काय, असं विचारलंत. २०१८च्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२०मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने तेव्हा सांगितलं. यासाठी कुणाचं कुलूप उघडावं लागलं नाही. कंपन्यांवर असा दबाव सरकारने जरूर आणावा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तो संदेश घटनेच्या आधीच शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता, तुम्ही ‘हे खोटं आहे’ असं लिहिलंत आणि कुणी ऐकलं नाही. त्याबद्दल मला जास्त जाणून घ्यायचंय. तेव्हा पोलीस ठाण्यातून, तहसीलमधून किंवा ग्रामपंचायतीतून कुणी दवंडी दिली होती का? तुम्ही कुणाला कळवलंत, आणि पुढे काय झालं?