मोबाईलवरचं अंतर आणि सांबऱ्याचं विमान

नकाशावर पट्टी ठेवून बघा. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई हवेतून साधारण ४०० किलोमीटर आणि बंगळूर ४४०. म्हणजे आपण जवळजवळ मधोमध. (सीमाप्रश्न इथे काढू नका, त्यावर भांडायला वेगळी पोस्ट टाकतो.) दोन्हीकडे विमानाला तास-सव्वा तास. हा आकडा मोबाईलवर दिसला की डोंबिवलीची आत्या सुनावते, "तासात पोचतोस की रे, मग आदल्या दिवशी यायला काय होतंय?"

होतंय काय, ते सांगतो. तिकिटावरचा तास म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जाऊन उभं राहिलं तिथपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आलं आणि मुंबईवर गर्दी असली तर ढगात घिरट्या घालणंही आलं. जेट ताशी ८०० किलोमीटरने उडतं हे खरं, पण एवढ्याशा अंतरात ते नीट वर चढतंय तोवर उतरायची तयारी सुरू. म्हणून ५०० च्या आसपास जाणारं पंख्याचं छोटं एटीआर विमान इथे फार मागे पडत नाही. त्यात शहरातल्या टिळकवाडीतून सांबऱ्याला जाणं, काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून त्याच्याही आधी पोचणं, आणि उतरल्यावर अंधेरीची ट्रॅफिक. दारापासून दारापर्यंत पाच-सहा तास सहज जातात.

तरी माझी तक्रार त्या पाच तासांबद्दल नाही. विमान कितीला सुटतं, हा खरा प्रश्न आहे. भर दुपारचं एकच विमान असलं की सकाळ वाट बघण्यात जाते, संध्याकाळी मुंबईत पोचून ऑफिसं बंद, म्हणजे लॉजचा खर्च अंगावर. त्यापेक्षा रात्री जेवून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये आडवं झालेला माणूस सकाळी दहाला कामाच्या दारात उभा असतो. वेळ दुप्पट लागला, पण दिवस वाचला.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ ची, इंग्रजांच्या हवाई दलाची. नवीन टर्मिनल २०१७ चं. २०१८ मध्ये उडान योजनेतून (लहान शहरांच्या विमानांना सरकारी अनुदान देणारी) हुबळीची विमानं सुरू झाली, इथली विमानं तिकडे वळली आणि इथली वर्दळ एकदम ओसरली. मग पुढच्या वर्षी त्या योजनेत आपला नंबर लागला. तिरुपती, इंदूर, नाशिक अशी नावं बोर्डावर दिसायला लागली, आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकले. पण त्या योजनेतलं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. ते संपलं की रिकाम्या खुर्च्यांचा भार कंपनीवर, आणि तो कुणी हौसेने उचलत नाही.

खुर्च्या रिकाम्या का राहतात? निपाणीकराला कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतं. बेळगावचेच कितीतरी जण तिकीट स्वस्त मिळालं की घाट उतरून गोव्यातल्या मोपा विमानतळावर जातात, नाहीतर शंभरेक किलोमीटरवरच्या हुबळीला. त्यांना दोष देत नाही, चौघांच्या तिकिटात फरक पडला तर मीही गाडी काढतो.

म्हणून नव्या नव्या शहरांची नावं मागणाऱ्या निवेदनांवर मी सही करत नाही. मागायचंच असेल तर मुंबईचं एक विमान सकाळी सातच्या आत आणि परतीचं रात्री आठनंतर मागा, तेही वर्षभर, वेळ न बदलता. फौंड्रीवाले, वकील, दवाखान्यात दाखवायला जाणारे, हे लोक लॉजचे पैसे वाचतात म्हणून दोन पैसे जास्त देऊनही त्यात बसतील.