खड्डे बुजवू नका

भाऊ, खान्देशात कारखाना टाकताय म्हणे. चांगलं आहे. इथे जमीन आहे, रेल्वे आहे, पुण्यात खोली करून राहणारी आणि घरी परतायला आसुसलेली पोरं आहेत, आणि होळी उलटली की कोरड्या पडणाऱ्या नद्या आहेत. ही शेवटची सोय तुमच्या लक्षात आली नसेल. भरल्या नदीत सांडपाणी सोडलं तर त्याला प्रदूषण म्हणतात. कोरड्या नदीत सोडलं की नदी वाहती होते. गिरणाकाठचे लोक धरणातून आवर्तन कधी सुटतंय म्हणून पाटबंधारेवाल्यांकडे खेटे घालतात. तुमचं आवर्तन रोज रात्री दोनला सुटेल, कुणी अर्ज न करता.

मी पर्यावरणाच्या फायली तयार करून देतो. पर्यावरण तयार करून देत नाही, त्याचा दर वेगळा असतो आणि तो अजून कुणी विचारलेला नाही. तुम्ही ओळखीचे, म्हणून चार गोष्टी फुकट सांगतो.

प्रकल्प मोठा असेल तर पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते, म्हणजे गावकऱ्यांचं म्हणणं जाहीरपणे ऐकावं लागतं. नवे लोक इथेच घाबरतात, कारण ते नियम वाचत नाहीत. ३० दिवस आधी दोन दैनिकांत जाहिरात येते, एक राष्ट्रीय, एक प्रादेशिक भाषेतलं. राष्ट्रीय दैनिक आपल्या खेड्यात कोण वाचतं, असं नियम विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. गावकऱ्यांसाठी सारांश मराठीत. हा सारांश असा करून घ्यायचा की वाचणाऱ्याला इंग्रजीच बरं वाटावं. ‘प्रस्तावित क्रियाकलापांमुळे ग्राही जलस्रोतावर नगण्य प्रतिकूल आघात संभवतो.’ हे माझंच वाक्य. कितीतरी अहवालांत चिकटवलं, कुणी हरकत घेतली नाही. ग्राही जलस्रोत म्हणजे आपला म्हशी धुवायचा नाला, हे कळलं तर हरकत घेतील ना!

आणि त्याच अधिसूचनेतली माझी सगळ्यात आवडती ओळ: सुनावणी सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, इथे लागत नाही. तेव्हा तारीख पंचांग बघून नव्हे, शेत बघून सुचवा. दिवाळीनंतर कापूस फुटला की अख्खं गाव वेचणीला असतं, मंडपात खुर्च्या आणि तुम्ही. मे महिन्यातली दुपारही वाईट नाही, ४५ अंशांत कोण येतो बोंब मारायला? पण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा चुकूनही नको. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोक्यावर गाणी म्हणून म्हणून आवाज मोकळे झालेले असतात, आणि सासरी बोलता न आलेलं सगळं तुमच्या मंडपात येऊन पडेल.

जेवण ठेवाच. दाल-बट्टी उत्तम. थंडी असेल तर भरीत आणि कळण्याची भाकरी. तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या पोटात गेल्यावर माणसाला सल्फर डायऑक्साइडबद्दल फारसं विचारावंसं वाटत नाही.

तरीही एखादी म्हातारी उठतेच. मंडपाच्या मागच्या बाजूने, माइक न घेता. ‘भाऊ, आमनी हीरनं पानी लाल कसं काय व्हयनं?’ तिच्या विहिरीशेजारी तुमचं आधीचं युनिट आहे, हे तिला ठाऊक असतं आणि तुम्हालाही. गडबडू नका. सगळी कार्यवाही कॅमेऱ्यात टिपली जात असते, म्हणून हात जोडा, ‘आजी’ म्हणा, प्रश्न लिहून घ्या. पुढे अंतिम अहवालात शंका आणि उत्तरांचा तक्ता द्यावा लागतो. तिथे डाव्या रकान्यात ‘भूजलाच्या रंगाविषयी जिज्ञासा’ आणि उजव्या रकान्यात ‘समाधान करण्यात आले’. आजीला तक्ता वाचता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांची विहीर तिथे नाही.

आता झाडं. जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून ५ जूनला साजरा होतो. ठरवणाऱ्यांनी खान्देशाला विचारलं नव्हतं. मृग लागतो ७-८ तारखेला, आणि लागला म्हणून पडतोच असं नाही. ५ जूनला इथली माती तव्यासारखी असते. त्यात कोवळं रोप लावायचं म्हणजे ते किती दिवसांत जाईल याचीच पैज. लोक याला अडचण म्हणतात. अहो, हाच तर पाया आहे! रोप गेलं तरी खड्डा राहतो. दर वर्षी ५०० रोपं, त्याच ५०० खड्ड्यांत. पाच वर्षांत अहवालात २,५०० झाडं, खोदाईचा खर्च एकदाच. फक्त कडुनिंब लावू नका. तो भारी चिवट, चुकून जगला तर पुढच्या वर्षी नवा खड्डा खणावा लागेल. प्रमुख पाहुण्यांच्या नावाची पाटी मात्र लोखंडी करा, तिला उन्हाचं काही होत नाही.

सांडपाण्याची यंत्रणा हवीच, देव्हाऱ्यासारखी. पाहुणे आले की दिवा लावायचा, गेले की विझवायचा. सांडपाण्यात हवा सोडणारे ब्लोअर दिवसरात्र चालवले तर विजेचं बिल बघून तुम्हीच झोपाल. सांडपाणी मोजून आकडे थेट सरकारला कळवणारा ऑनलाइन सेन्सर बसवावा लागला तर बसवा. सेन्सर बिचारा खोटं बोलत नाही, त्याला बादलीत ठेवलं तर तो बादलीचं खरं सांगतो.

एक सण मात्र पाळा, आपल्या खान्देशच्या देवीचा, कानबाईचा. श्रावणात रविवारी रोट आणि सोमवारी विसर्जन, बाया डोक्यावर कानबाई घेऊन नदीवर येतात. त्या दोन दिवसांत नाल्यात फेस दिसला तर तुमची फाइल तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून शनिवारपासून सोडणं बंद. मंगळवारी मात्र पुन्हा सुरू करा, जास्त थांबू नका. तीन दिवस बंद राहतं ते तीनशे दिवस का नाही, हा हिशेब गावातल्या एखाद्या पोराने मांडला तर पंचाईत.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, तुमची कंपनी त्यात बसत असेल तर, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. आधी विहीर लाल होऊ द्या, मग गावात आरओ प्लांट बसवा. क्रम चुकवू नका. शिवाय नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या पैशातून करता येत नाही. पाणी बिघडवणं हा धंद्याचा भाग, पाणी देणं नाही, तेव्हा कायद्यातही बसतं.

पुढे-मागे शेअर बाजारात पहिल्या हजारांत गेलात तर सेबीचा शाश्वततेचा अहवालही भरावा लागेल. मुखपृष्ठावर पावसाळ्यातला सातपुडा टाका, यावलच्या बाजूचा. तिथे तुमचं काहीच नाही, म्हणून तो हिरवा आहे. २०२४ पासून वस्तूवर पुराव्याशिवाय ‘पर्यावरणपूरक’ लिहायला बंदी आली आहे. पण कंपनीचं ध्येयवाक्य कुठल्या एका मालाबद्दल नसलं तर त्याला ती लागू नाही. तेव्हा साबणाच्या खोक्यावर गप्प बसा आणि गेटवर हवं तेवढं पृथ्वीवर प्रेम करा.

आणि समजा, सापडलातच. पूर्वी पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढली. आता बहुतेक उल्लंघनांना १० हजार ते १५ लाख रुपये दंड. काय विश्वास आहे बघा जनांवर! मुनिमाला सांगून खतावणीत ‘पर्यावरण’ नावाचं पान उघडून ठेवा, डिझेल आणि चहापाणी यांच्या मधे कुठेतरी.

जागा बघायला उद्या येताय ना? स्टेशनवर गाडी पाठवतो. वाटेत तुमच्या जुन्या युनिटच्या नाल्यावरचा पूल लागेल. तिथे काच वर करा आणि एसीचं ते आतलीच हवा आत फिरवणारं बटण दाबा. नाकाला रुमाल लावू नका. ड्रायव्हर त्या आजीचा नातू आहे.