चमचे पुसणारे सहप्रवासी

प्रवासात एखाद्या साध्या, स्वस्त खानावळीत शिरले की सोबतच्या मंडळींच्या अंगात अन्ननिरीक्षक संचारतो आणि या प्रकाराचा मला आता मनस्वी वीट आला आहे. बसण्याआधी बाकावरून बोट फिरवायचे, चमचा उजेडात धरून रुमालाने खसाखसा घासायचा आणि ‘पोट बिघडले तर?’ असे मालकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायचे! शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ तसेच बाहेर ठेवू नये आणि वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; मोजकेच पदार्थ करणाऱ्या आणि गिऱ्हाइकांची रीघ लागलेल्या खानावळीत पातेले चुलीवरून उतरते न उतरते तोच रिकामे होते, त्यामुळे अन्नाला शिळे व्हायला सवडच मिळत नाही. हीच चोखंदळ माणसे मोठ्या हॉटेलात कधीचे कोमट पडलेले जेवण मात्र निमूटपणे वाढून घेतात. (जेवणाआधी हात धुवायला दोन्हीकडे कुणीही उठत नाही, ते वेगळेच.) शंका असेल तर खुशाल उपाशी राहावे, पण वाफाळते ताट आणून ठेवणाऱ्या माणसासमोरच नाक मुरडायचे, हा कुठला शहाणपणा?