टर्फचा ठेका आणि अमेरिकेचा दाखला

नागपुरातल्या आमच्या ले-आउटमध्ये सध्या मैदानावरून वाद पेटला आहे. क्रीडा मंडळाच्या ताब्यातील या मैदानावर कृत्रिम गवत अंथरून, भोवती उंच जाळी लावून, ते तासाच्या भाड्याने देणाऱ्या ठेकेदाराच्या हवाली करावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. विजेचे बिल, कुंपणाची डागडुजी, प्रशिक्षकांचे मानधन हे प्रश्न खरे आहेत आणि केवळ वर्गणीवर मंडळ चालत नाही, हेही खरे. मला राग आला तो प्रस्तावाच्या समर्थनार्थ दिलेल्या दाखल्याचा. ‘अमेरिकेत फुकट कोण खेळू देतो? तिथे वायमध्येसुद्धा महिन्याची फी मोजावी लागते, आपल्या मॅसॅच्युसेट्सवाल्याला विचारा,’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी सभेत ठणकावले म्हणे. मॅसॅच्युसेट्सवाला म्हणजे अमेरिकेतल्या त्या राज्यात राहणारा मी; आणि वाय म्हणजे वायएमसीए, अर्थात यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन, ही व्यायामशाळा आणि पोहण्याचे तलाव चालवणारी संस्था. मला कोणी विचारले नाही, तेव्हा न विचारताच सांगतो.

फी मोजावी लागते. माझ्या खात्यातून ती दरमहा परस्पर वळती होते, आणि डिसेंबरात साडेचारला अंधार पडू लागला की तो खर्च मुळीच खुपत नाही. पण ज्याला ती परवडत नाही, त्याच्यासाठी उत्पन्नानुसार सवलत मिळण्याचा अर्ज स्वागतकक्षातच ठेवलेला असतो. संस्था नफ्यासाठी नाही. तिच्या कारभारावर गावातील विनावेतन काम करणाऱ्या संचालकांची देखरेख असते. पैसे घेणे आणि फाटकाची किल्ली पैसे घेणाऱ्याच्या हाती देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या सभेत त्यांची सरमिसळ झाली.

या संस्थेचा इतिहास तरी पाहावा. १८४४ साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तरुणाने आपल्या सोबत्यांसह यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन काढली, तेव्हा तिच्यात खेळ नव्हतेच. दुकानाच्याच माडीवर राहणाऱ्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या पोरांसाठी प्रार्थना आणि बायबलवाचन, एवढाच तिचा कार्यक्रम होता. १८५१ मध्ये ती बोस्टनला आली. व्यायामशाळा, पोहण्याचे तलाव आणि वसतिगृहे मागाहून जोडली गेली. माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये तिचे प्रशिक्षण विद्यालय होते. तिथे १८९१ च्या हिवाळ्यात, कवायतीला कंटाळून शिक्षकांना हैराण करणाऱ्या अठरा विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी जेम्स नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून बास्केटबॉल जन्माला घातला. चारच वर्षांनी शेजारच्या होलिओकमध्ये विल्यम मॉर्गन यांनी, बास्केटबॉलची दमछाक न झेपणाऱ्या वयस्क व्यावसायिकांसाठी, व्हॉलीबॉल तयार केला. स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला ते भारतीय चमूचे व्यवस्थापक म्हणून गेले. आमच्या मैदानावरच्या गंजलेल्या रिंगची वंशावळ अशी आहे.

आता कोणी म्हणेल की या संस्थेची दारे सर्वांना कुठे उघडी होती? नव्हती. गुलामगिरीत जन्मलेल्या अँथनी बोवेन यांना १८५३ मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा काढावी लागली, आणि वर्णभेद संपवण्याचा ठराव राष्ट्रीय परिषदेने १९४६ मध्ये केला. मी हे लपवीत नाही. परंतु दार कोणासाठी उघडायचे, हा तिथे संस्थेच्या आतला वाद होता. सभासद, देणगीदार आणि शाखा त्यावर भांडू शकत होत्या. टर्फच्या ठेक्यात भांडायला जागाच उरत नाही. ज्याच्या खिशात तासाचे पैसे आहेत तो आत, बाकीची पोट्टी जाळीबाहेर.

आणि दाखलाच हवा होता, तर अमरावतीचा का दिला नाही? जेमतेम दीडशे किलोमीटरवर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ते आखाड्याच्या रूपात सुरू केले. १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आज तेथे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत, म्हणजे तेही पैसे घेतच असणार. पण त्यांनी संस्था वाढवली, मैदान भाड्याने देऊन स्वतः बाजूला झाले नाहीत. विदर्भातल्या माणसाला हे ठाऊक नसावे आणि वायची फी मात्र पाठ असावी, याचे मला नवल वाटते. तसे ते वाटायला नको, कारण नागपूरच्या रामदासपेठेतल्या दिवाणखान्यांत अमेरिका नेहमीच अशी सोयीपुरती येते. आम्ही सुटीत येऊन आणलेल्या कौतुकांनीच ती तिथे पोहोचली, हा आरोप मला मान्य आहे.

‘तिकडे बसून बोलणे सोपे’ हे वाक्य माझ्या वाट्याला येणार, हेही मी जाणतो. त्याला माझ्याकडे नीटसे उत्तर नाही. इथल्या वायमध्ये माझे कार्ड यंत्रावर टेकले की फाटक उघडते. माझ्या मुलीचे पोहण्याचे सगळे वर्ग तिथेच झाले, पण तिथल्या वार्षिक सभेला जावे, संचालक मंडळासाठी नाव द्यावे, असे मला कधी वाटले नाही. जिथे मला खेळायचे नाही, ज्याच्या मल्लखांबाला या वयात हातही लागणार नाही, त्या नागपूरच्या मैदानाचे कुंपण कोण बांधणार, याची काळजी मात्र मी ऑफिसच्या वेळेत करीत बसतो. दोन्हीकडे मी रीतसर सभासद आहे. निर्णयात मात्र दोन्हीकडे नाही.

खजिनदार काकांनी निरोप पाठवला आहे की तत्त्वज्ञान पुरे, किती पाठवता ते सांगा. प्रश्न योग्य आहे. मी आकडा कळवला आहे आणि एक अट घातली आहे: ठेका द्यायचाच असेल तर संध्याकाळी पाच ते साडेसात ही वेळ वस्तीतल्या मुलांसाठी विनाशुल्क असावी, तसे करारात लिहावे, आणि किल्ली मंडळाकडे राहावी. काका म्हणतात, नेमकी तीच वेळ ठेकेदाराला हवी आहे.