गाठ शाबूत आहे

नमस्कार. वाकड्या लाकडातून धनुष्य करण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठलो, माळ्यावर चढलो आणि मोडलेल्या धनुष्याचे तुकडे खाली काढले. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओंडका फोडून निघालेल्या वाकड्यातिकड्या, गाठाळ फाकेतून धनुष्य काढणं ही निव्वळ हौस आहे, तिला परंपरेचं नाव देऊ नये. सरळ फळी मिळत असताना नवशिक्यांना या फंदात पाडणं चूक. वाकड्या धनुष्याचा बाण वाकडाच जाणार. ‘लाकूडच सांगतं कुठे थांबायचं’ हे माझं वाक्य म्हणजे बुवाबाजी. आणि माझं तुतीचं धनुष्य गाठीपाशी मोडल्याचं मीच लिहिलंय, मग आणखी पुरावा कशाला?

नवशिक्यांबद्दलचा मुद्दा बिनशर्त मान्य. ‘पहिलं धनुष्य वाकड्या फाकेचं करा’ असं मी उत्साहाच्या भरात लिहून गेलो, ते वाक्य आज काढून टाकलंय. पहिलं धनुष्य फळीचंच करावं. फक्त ती फळी कशी निवडायची, यावर आपलं जमणार नाही. तुम्ही तीस वर्षं सुतारकाम केलंत, त्यामुळे सरळ म्हटलं की तुमची नजर कडेवर जाते. माझी आतल्या तंतूंवर जाते.

करवत सरळ जाते, झाड तसं वाढत नाही. वाकड्या ओंडक्यातून सरळ फळी काढली म्हणजे वाकडेपणा संपत नाही, फक्त दिसेनासा होतो. तंतू फळीच्या कडेतून तिरके बाहेर पडतात आणि तिथेच संपतात. टेबलाला त्याचं काही वाटत नाही. धनुष्याचं तसं नाही. ते ओढलं की त्याची पाठ, म्हणजे धनुर्धराच्या पलीकडची बाजू, ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पाठीवर जिथे तंतू तुटका असेल तिथून चिरफळी उठते. म्हणून ओंडका पाचरी ठोकून फोडायचा. पाचर तंतूंच्या वाटेनेच जाते, त्यामुळे निघालेली फाक दिसायला सापासारखी असली तरी तिच्यातला तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतो. फळी घ्यायचीच तर रुंद बाजू आणि कड दोन्हींवरच्या रेघा टोकापर्यंत न तुटता गेल्यात का ते पाहा. ढीगभर फळ्या चाळल्यावर अशी एखादी हाताला लागते.

आता माळ्यावरचे तुकडे. धनुष्य गाठीपाशी मोडलं हे मी लिहिलं होतं, आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं. काल तुकडे खिडकीत धरून पाहिले. गाठ जशीच्या तशी आहे. तिच्याभोवतीचं लाकूड फुगीर ठेवलं होतं, तेही शाबूत. फूट सुरू झालीय गाठीपासून चार बोटं खाली, डाव्या कडेला. तिथे तंतू गाठीला वळसा घालून बाहेर फुगले होते आणि कडेला एक पोक आलं होतं. ते माझ्या डोळ्यांत खुपत होतं. शेवटच्या दिवशी कानस घेऊन ते सपाट केलं, दहाबारा हात मारले असतील. कड मस्त सरळ झाली, पण त्या सरळ कडेवर सातआठ तंतू तिरके कापले गेले होते. दुसऱ्या दिवशी पूर्ण ओढताना आधी बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. मी मूर्खासारखा आणखी ओढलं.

तेव्हा पुरावा तुमचा नाही, माझाच निघाला. धनुष्य मोडलं ते कड सरळ करण्याच्या हौसेपायी. पण तुम्ही खोडी काढली नसती तर मी ते तुकडे पुन्हा पाहिले नसते, आणि गाठीला उगाच दोष देत राहिलो असतो.

गाठीभोवती लाकूड जास्त ठेवलं की ती जागा ताठ राहते, असा तुमचा आक्षेप होता. रुंदीने फारशी नाही राहत. ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. चाळीस मिलिमीटर रुंदीत एक मिलिमीटर वाढवलं तर अडीच टक्क्यांचा फरक. पंधरा मिलिमीटर जाडीतून एकच मिलिमीटर तासलं तर ताठपणा जवळजवळ 19 टक्क्यांनी उतरतो. म्हणून गाठीला कडेने जागा द्यायची आणि पाठीवरचा तिचा उंचवटा तसाच ठेवायचा.

‘लाकूड सांगतं’ या वाक्याचा खुलासाही याच आकड्यात आहे. वाक्य भोंगळ होतं, कबूल. म्हणायचं एवढंच होतं की शेवटच्या टप्प्यात पटाशी आणि रंधा बाजूला ठेवून खरवडायची पात घ्यावी, कारण पातीच्या चार हातांनीसुद्धा वाक बदललेला डोळ्यांना दिसतो. चार हात मारायचे, मग धनुष्य वीसपंचवीस वेळा थोडं थोडं ओढायचं, कारण लाकूड नव्या जाडीला लगेच सरावत नाही, आणि मग पुन्हा बघायचं. ज्या जोराचं धनुष्य हवं त्याहून जास्त जोर लावून ते कधीही ओढायचं नाही, अगदी अर्धवट असतानाही.

वाकड्या फाकेची खरी अडचण तुम्ही लिहिलीच नाहीत, ती मीच सांगतो. सरळ धनुष्याचा वाक तपासायला सरळ ठोकळा टेकवून फट बघता येते. वाकड्या भुजेवर, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना वाकणाऱ्या भागावर, हा ठोकळा खोटं बोलतो. एखादी जागा मुळातच पुढे झुकलेली असेल, तर ती बरोबर वाकत असूनही ताठ दिसते. नवा माणूस ती तासत सुटतो आणि तिथे बिजागरी होते, म्हणजे धनुष्य त्या एकाच जागी दुमडायला लागतं. माझा उपाय साधा आहे. दोरी न लावलेलं धनुष्य मोठ्या कागदावर ठेवून आकार काढून घ्यायचा, मग ओढलेल्या अवस्थेतला आकार त्याच्याशी ताडायचा. गोल कमान शोधायचीच नाही, कुठली जागा मूळ आकारापासून किती सरकली तेवढंच पाहायचं. जाडी मात्र चिमटीत धरून मुठीकडून टोकाकडे चाचपत जायची. उंचवटा असो की खळगा, ती एकसारखी उतरत गेली पाहिजे. डोळ्यांपेक्षा अंगठा भरवशाचा, असं माझं मत झालंय.

आणि बाण वाकडा जाण्याबद्दल. धनुष्याची बाह्यरेषा कशी नागमोडी आहे हे बाणाला कळत नाही. दोरी मुठीवरून कुठून जाते आणि ओढताना भुजा पिळवटते का, एवढंच महत्त्वाचं. साध्या धनुष्यात बाण तसाही मुठीच्या कडेवर टेकतो आणि सुटताना लवून मुठीला वळसा घालून जातो, म्हणून तर बाणाची लवचीकता धनुष्याला जुळवावी लागते. दोरी फारच एका बाजूला जात असेल तर मुठीजवळची जागा वाफवून किंवा कोरड्या उष्णतेने गरम करून वळवता येते. वाफेचा ठोकताळा इंचभर जाडीला तासाभराचा. नंतर काही दिवस त्याला हात लावायचा नाही.

परंपरेचं म्हणाल तर इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 साली वर काढलं गेलं. त्यातून ‘यू’ नावाच्या झाडाच्या लाकडाची 172 धनुष्यं मिळाली, सरासरी लांबी दोन मीटरच्या आसपास. ती लष्करासाठी केलेली होती, हौसेसाठी नव्हे. तरी त्यांवर गाठींचे उंचवटे मुद्दाम राखलेले दिसतात. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डची, एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्यं सुमारे 9000 वर्षांपूर्वीची, तेव्हा तर धातूची करवतच नव्हती.

शेवटी तुमच्याकडच्या तुतीच्या फाकेबद्दल, जी तुम्ही जाळायला काढलीत. आधी तिच्या दोन्ही कापलेल्या टोकांना गोंद किंवा रंग फासा, नाहीतर ठरवेपर्यंत ती तडकून जाईल. मग मधोमध वीतभर साल सोला आणि तंतूंच्या दिशेने पेन्सिलची रेघ ओढत दोन्ही टोकांकडे जा, जिथे साल आड येईल तिथे ती काढत. रेघ डावी-उजवीकडे कितीही भटकली तरी चालेल. पण ती फाकेला पीळ घालत पाव वळशाहून जास्त फिरली, तर खुशाल जाळा, मीसुद्धा तिच्या नादी लागणार नाही. नाहीतर रेघ ओढलेला फोटो इथेच टाका, कुठून फोडायची ते बघू.