संघ सोडून गेलेल्या मुली कोण मोजतं?

महिला खेळांत लेस्बियन खेळाडूंबद्दल किती पूर्वग्रह आहे हे शोधायचं म्हटलं की आधी प्रश्नावली निघते. 'संघात समलिंगी खेळाडू असेल तर चालेल का?' सहमत, असहमत, खूण करा. आता नोकरी प्यारी असलेला कुठला कोच 'चालणार नाही' म्हणेल? कागदावर सगळे संतच.

अशा मोजपट्ट्या निरुपयोगी आहेत असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी हेरेक यांची तर अनेक वर्षं वापरात आहे. पण ती मत मोजते. खेळाडूचं नुकसान होतं ते निर्णयांनी: कुणाला घेतलं, कुणाला बाकावर बसवलं, कुणाला काढलं.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचं उदाहरण घ्या. रेने पोर्टलंड १९८० पासून तिथल्या महिला बास्केटबॉल संघाच्या कोच. आपल्या संघात लेस्बियन चालणार नाहीत, हे त्यांनी १९८६ मध्ये थेट वर्तमानपत्राला सांगितलं होतं. घ्या, प्रश्नावलीचा खर्चही वाचला! १९९१ मध्ये विद्यापीठाने लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली, तरी बाई २००७ पर्यंत पदावर. ६०० हून अधिक विजय, एकेक नोंदवलेला. या धास्तीने किती जणींनी संघ सोडला, याचा हिशोब कोण ठेवणार?

डिसेंबर २००५ मध्ये जेनिफर हॅरिस या तिथल्याच खेळाडूने पोर्टलंड यांच्यावर भेदभावाचा खटला भरला. गंमत म्हणजे आपण लेस्बियन नाही, असं ती स्वतः सांगत होती. नुसता संशय! डोक्यालगत घातलेल्या घट्ट वेण्या कोचना खटकायच्या, बायकी कपडे घालायला सांगायच्या, असं तिचं म्हणणं. पोर्टलंड यांनी आरोप नाकारले. विद्यापीठाच्या चौकशीत मात्र भेदभाव झाल्याचं निघालं. शिक्षा? १० हजार डॉलर दंड. नोकरी शाबूत. फेब्रुवारी २००७ मध्ये खटल्यात तडजोड झाली आणि पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

म्हणून मला वाटतं, फक्त समलिंगी खेळाडूंना विचारून भागत नाही. संशयाची झळ सगळ्यांनाच बसते. आपल्याकडेही केस बारीक कापलेल्या कबड्डीपटूला 'मुलासारखी काय राहतेस' ऐकवणारे कमी नाहीत.

मोजायचंच असेल तर प्रत्येकीला निनावी विचारा: केसांवरून, कपड्यांवरून, रूममेटवरून कोणी बोललं का? संघ सोडलेल्या मुलींना गाठा आणि का सोडला ते विचारा. विचारणारा माणूस संघाबाहेरचा हवा. आणि ते कागद कोचच्या टेबलावर जाता कामा नयेत, नाहीतर खरं लिहिणारी पुढच्या निवड चाचणीतच बाहेर.