डाव्या पायाचं काय करायचं?

ऑटोमॅटिक गाडी घ्यायचीच हे ठरलं ते जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर. रस्ता सगळा मिळून साडेदहा किलोमीटर, पण क्लच दाबून दाबून माझ्या डाव्या गुडघ्याने व्हीआरएस मागितली होती. मग एएमटी घेतली, म्हणजे क्लचचं पेडलच नसलेली. शोरूमवाला म्हणाला, साहेब, आता फक्त बसायचं.

हे डाव्या पायाला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच सिग्नलला त्याने क्लच समजून ब्रेक असा हाणला की मागे बसलेल्या बाबांच्या हातातली चिवड्याची पिशवी थेट डॅशबोर्डवर. (आत्याकडे अंधेरीला चाललो होतो.) बायको म्हणाली, उद्यापासून तो पाय घरी ठेवून येत जा.

दुसरा रोग माझा स्वतःचा. गाडी थांबली की एन (न्यूट्रल), पुढचा हलला की डी (ड्राइव्ह), परत एन, परत डी, कांजूरमार्गपर्यंत हेच चालू. बाबा म्हणाले, "अरे, एवढं हलवायचंच होतं तर जुनी काय वाईट होती?"

खरा पराक्रम गांधीनगरच्या फ्लायओव्हरवर. चढ, पुढेमागे गाड्या चिकटलेल्या आणि मी ब्रेकला हातपण, म्हणजे पायपण न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी जागच्या जागी धरून ठेवलेली, वर स्वतःवरच खूश. थोड्या वेळाने जळका वास आला. मी काचा वर घेऊन पुढच्या टेम्पोचा यथेच्छ उद्धार केला. टेम्पो गेला निघून, वास आमच्याबरोबर पवईला आला.

गॅरेजवाला हसला. "साहेब, यात क्लच असतोच, फक्त तुमच्याऐवजी मशीन दाबतं. चढावर रेस देऊन धरलीत की तो अर्धवट घासत बसतो, जळणार नाही तर काय. थांबलात की सरळ ब्रेक, डीमध्येच राहू द्या. जास्त वेळ थांबायचं असेल तर एन आणि हँडब्रेक. आणि वीतभर जागा झाली की लगेच पुढे नका घेऊ, नीट जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा. सपाटीला ती आपली आपण सरकते."

नीट जागा होऊ द्या म्हणे! मुंबईत!

तरी परतताना प्रामाणिकपणे एका गाडीची जागा सोडली. आधी एक बाईक घुसली, मग रिक्षाचं पुढचं चाक, मग चाकामागून सावकाश उरलेली रिक्षा. मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी शांत, ब्रेकवर पाय, डीमध्ये.

मागून बाबांचा आवाज आला, "सहा रिक्षा झाल्या. आता ती बेस्टची बस बघतेय तुझ्याकडे. तिला पण घे."